आमची टाकी कधी भरत नाही

४ मार्च

बाटलीवाल्या बाईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितोय. एरवी मला लिहिण्याचा कंटाळा.

बाई पाणी-तपासणी कार्यालयातल्या. दर आठवड्याला गुडघ्यापर्यंतचे बूट घालून खाडीत उतरतात, बाटल्या भरतात, बर्फाच्या पेटीत ठेवतात आणि निघून जातात. हे नाव त्यांना मीच दिलं. घरात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जावई चांगलाच दचकला होता.

आज त्यांनी आम्हा सगळ्या कालवंवाल्यांना बोलावलं. माझा धंदा कालवांचा. जाळीच्या पेट्यांत बारीक पिल्लं सोडायची, पेट्या पाण्यात बांधायच्या आणि शिंपल्यात मांस धरेपर्यंत जपायच्या. बापानं केलं, मी करतो. गेल्या हंगामापासून पेटी वर काढली की निम्मे शिंपले तोंड वासून मेलेले. असाच आणखी एक हंगाम गेला तर पेट्या भंगारात घालून घरी बसावं लागेल. मला घरी बसवत नाही, हे हिला विचारा.

बाई म्हणाल्या, पाण्यात नायट्रोजन वाढलाय. म्हणजे खाडीला खत पडतंय. शेतात खत पडलं की पीक वाढतं, खाडीत पडलं की शेवाळ वाढतं. शेवाळ मरून कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि खाली कालवं गुदमरतात. "एवढं खत टाकतं कोण?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "माणसं. संडासाच्या टाक्या फुटल्या की त्यातलं पाणी वाळूतून झिरपत खाडीत येतं. काही जण सरळ आणून ओततातही. काय दिसेल ते लिहून ठेवा, काका."

मग प्रत्येकाला विचारलं, तुमची टाकी शेवटची कधी उपसली? कुणी म्हणालं गेल्या वर्षी, कुणी त्याच्या आधी. मी छाती काढून सांगितलं, "वीस वर्षांत एकदाही नाही. स्वतःच्या हातानं बांधलीय. आमची टाकी कधी भरत नाही." बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. एवढं कौतुक माझ्या बायकोनंही कधी केलं नाही.

शेवटी नियम सांगितला. ज्या कालवंवाल्याच्या घरचीच घाण खाडीत जात असेल, त्याचा परवाना थांबेल आणि पेट्या उचलाव्या लागतील. टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो.

६ मार्च

सकाळभर किनाऱ्यावर फिरलो. टोकावरच्या हॉटेलाचा एक पाईप पाण्याकडे गेलेला दिसला. तिथला रखवालदार म्हणाला, तो पावसाच्या पाण्याचा आहे. असं तो म्हणणारच. पलीकडच्या बंगल्यात एक माणूस हिरवळीवर खत फेकत होता. मी कुंपणापाशी उभा राहिलो तर त्यानं हसून हात केला. ज्याचं मन साफ असतं तो अनोळखी माणसाला बघून हसत नाही.

घरी आलो तर कपडे धुण्याचं यंत्र चालूच. लेकीच्या घराचं छत बदलायचं काम निघालंय, म्हणून ती, जावई, दोन नातवंडं आणि ते यंत्र असे सगळे काम संपेपर्यंत आमच्याकडेच आहेत. नातवंडांचं काही नाही, त्या यंत्राचा वैताग येतो. दिवसभर गुरगुरत असतं.

११ मार्च

शेजारी नर्सबाई राहतात, निवृत्त झालेल्या. आता दवाखाना नाही म्हणून साऱ्या गल्लीची नाडी धरून बसतात. आज मला म्हणाल्या, "काल तुम्ही बाजारात गेला होता, तेव्हा तुमच्या भावाची गाडी तुमच्या मागच्या अंगणात उभी होती. बराच वेळ."

माझा धाकटा भाऊ मैला उपसायची टाकीची गाडी चालवतो. लोकांच्या टाक्या उपसायच्या आणि घाण नेऊन शुद्धीकरण केंद्रात रिकामी करायची. केंद्र लांब, वाटेत दोन चढ. डिझेल कुणाला फुकट मिळतं?

आमचं गेल्या वर्षीपासून धड बोलणं नाही. त्यानं म्हटलं होतं, "दादा, एकदा तुझी टाकी उघडून बघू दे." मी म्हटलं, "माझ्या टाकीत नाक खुपसू नकोस." तो म्हणाला, "माझा धंदाच तो आहे." चारचौघांत म्हणाला, सगळे हसले. वीस वर्षांच्या माझ्या कामावर कालचं पोर शंका घेतं.

हिला विचारलं, धाकटा कशाला आला होता? म्हणाली, "भाऊजी सहज आले होते."

"गाडी घेऊन सहज?"

"मग काय पायी यायचं?"

मागच्या अंगणात जाऊन बघितलं. टाकीच्या झाकणावर हिच्या कुंड्या असतात, त्या सगळ्या बाजूला सरकवलेल्या. वाळूवर पाईप ओढल्याची खूण. कुंड्या का हलवल्या विचारलं तर म्हणते, ऊन लागत नव्हतं. भर अंगणात ऊन लागत नव्हतं म्हणे. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातला प्रकार.

आमच्या मागच्या दारातून उतरलं की सरळ पाण्यात पाय. आणि तिथंच माझ्या पेट्या. कुठंतरी पाणी मुरतंय.

१२ मार्च

रात्रभर झोप नाही. सख्खा भाऊ. लहानपणी त्याला पाठीवर घेऊन मी पोहायला शिकवलं ते याच पाण्यात.

१८ मार्च

आज बाजारात जातो म्हणून निघालो आणि होड्यांच्या शेडमागे जाऊन बसलो. या वयात, दुखरी पाठ घेऊन उकिडवं बसणं सोपं नाही.

जेवणाची वेळ टळल्यावर गाडी आली. रिकाम्या रस्त्यावरून भरधाव आली आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे थांबली. ही बाहेर आली. दोघं काहीतरी बोलले. लेकही आली, म्हणजे तीसुद्धा सामील. मग त्यानं पाईप ओढत नेला. भिंतीमुळे पुढचं टोक दिसेना, पण पंप सुरू झालेला ऐकला आणि पाईप थरथरताना या डोळ्यांनी बघितला. गाडीतलं सगळं माझ्या पेट्यांच्या तोंडाशी ओतत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

निघताना चाकं वाळूत रुतली. ही आणि लेक मागून ढकलत होत्या. येताना कशी भुर्रकन आली होती. घाईत असला की माणसाला गाडीही धड चालवता येत नाही.

संध्याकाळी पेट्या बघितल्या. गेल्या पंधरवड्यात मेलेले शिंपले कमी झालेत, शेवाळही विरळ आहे. भरती मोठी असणार. निसर्ग मला साथ देतोय आणि माझी माणसं पाठीत सुरा खुपसतायत.

२० मार्च

कार्यालयात जाऊन तक्रार दिली. बाटलीवाल्या बाई म्हणाल्या, "काका, नक्की बघितलंत?" मी म्हटलं, या डोळ्यांनी. "एकदा भावाशी बोलून बघा ना आधी." म्हटलं, चोराशी काय बोलायचं? त्याच्या गाडीचा परवाना याच कार्यालयाचा, म्हणजे बाईंचा आणि त्याचा रोजचा संबंध. त्यांच्यावरही लक्ष ठेवलं पाहिजे.

हिला घरी आल्यावर सांगितलं. हिच्या हातातलं ताट खाली पडलं. लेक म्हणाली, "बाबा, असं काय केलंत?" मी म्हटलं, जे बापानं करायला पाहिजे ते. दोघी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बसल्या. एका घरात राहून मला एकट्यालाच काही माहीत नसावं, याला काय म्हणायचं?

२७ मार्च

आज धाकट्याला कार्यालयात बोलावलं होतं. ही हट्टानं माझ्याबरोबर आली.

लांब टेबल, पलीकडे मोठे साहेब, शेजारी बाई. धाकटा इस्त्रीचा सदरा घालून आला होता. कामाचा वास जावा म्हणून तो दोनदा अंघोळ करतो, आज तिसऱ्यांदा केली असावी. साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी तुमची गाडी भावाच्या अंगणात होती?"

"होती."

"कशासाठी?"

त्यानं सदऱ्याची बाही सारखी केली.

"खाडीत काही ओतलंत?"

"नाही."

"मग तिथं पंप कशासाठी चालू होता?"

तो टेबलाकडे बघत बसला. साहेबांनी समजावलं, कारण सांगितलंत तर विषय इथंच मिटेल, नाही सांगितलंत तर तपास होईपर्यंत परवाना थांबवावा लागेल. गाडी बंद म्हणजे त्याचं घर बंद, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "थांबवा."

तेवढ्यात ही उठली. "साहेब, मी सांगते," म्हणाली. धाकटा एकदम म्हणाला, "वहिनी, तुम्ही बसा." आणि ही बसली. माझ्या बायकोला मी बस म्हटलं तर ती कधी बसत नाही.

बाहेर व्हरांड्यात मी चपला शोधत होतो तेव्हा त्याचं बोलणं कानावर आलं. "काहीही झालं तरी बोलायचं नाही, वहिनी. दादाचं…" पुढचं ऐकू आलं नाही. दादाचं काय? दादाचं वाटोळं करायचंय, दुसरं काय असणार.

जिंकलो. पण घरी येताना ही माझ्या चार पावलं पुढं चालत होती आणि एकदाही मागं वळली नाही.

५ एप्रिल

पाणी बिघडलंय. गाडी बंद होऊन आठवडा उलटून गेला, उलट सुधारायला हवं होतं. माझ्या पेट्यांवर शेवाळाची गादी साचलीय. आज एक पेटी उचलली तर नाकाला रुमाल लावावा लागला. टोकाकडच्यांच्या पेट्यांना एवढं नाही, फक्त माझ्याच. याचा अर्थ तो सूड घेतोय. गाडी नसली तरी बादल्या आहेतच की.

दोन दुपारी शेडमागे बसून पाळत ठेवली. कुणी आलं नाही. मी बसलोय हे त्याला कुणीतरी कळवत असणार. घरचा भेदी कोण ते लिहायला नको.

७ एप्रिल

न्हाणीघरात पाणी तुंबतंय. हिनं कपड्यांचं यंत्र बंद करून ठेवलं, नातवंडांना अंघोळ अर्ध्या बादलीत. मी म्हटलं, नळीत केस अडकले असतील, तार घालून बघतो. लेक हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तिच्या घराचं काम लवकर संपलं तर बरं.

९ एप्रिल

बाटलीवाल्या बाईंचा निरोप: किनाऱ्यावरच्या घरांची रंगचाचणी होणार. हिरवी पूड असते, निरुपद्रवी. ती संडासात टाकून पाणी सोडायचं. टाकी चांगली असेल तर रंग आतच राहतो. फुटकी असेल तर वाळूतून झिरपून एक-दोन दिवसांत किनाऱ्यावर हिरवं पाणी दिसतं. एका वेळी एकच घर, म्हणजे कुणाची घाण ते कळतं.

ज्यांना हवी त्यांनी नावं द्यायची. पहिलं नाव मी दिलं. बघू दे लोकांना, स्वच्छ माणूस कसा असतो ते.

ही म्हणाली, "नाव मागं घ्या." का? "मी पाया पडते, मागं घ्या." लग्न झाल्यापासून ही माझ्यापुढं कधी वाकलेली नाही. असं काय लपवतायत हे लोक माझ्यापासून? म्हटलं, आता तर नाहीच घेणार.

१४ एप्रिल

हॉटेलाची चाचणी झाली, काही निघालं नाही. हिरवळवाल्याची झाली, काही नाही. धाकट्याच्या घरचीही झाली. साधं फिकट हिरवंसुद्धा नाही. त्यानं टाकीच्या बाबतीत काळजी घेतली असणार, धंदाच तो. चोराच्या घराला कुलूप पक्कं असतं.

चाचण्या टोकाकडून सुरू झाल्या, म्हणून पहिलं नाव देऊनही आमची उद्या. नर्सबाई विचारत होत्या, खुर्ची आणू का बघायला.

१५ एप्रिल

बाई पुडी घेऊन आल्या. मी म्हटलं, द्या इकडे, माझ्या हातानं टाकतो. टाकली. पोपटाच्या पंखासारखं पाणी फिरून खाली गेलं. बाई हळूच म्हणाल्या, "काका, कधीच न भरणारी टाकी…" मी म्हटलं, "वीस वर्षं." त्यांनी रिकाम्या पुडीची घडी करून पिशवीत टाकली. ही नातवंडांना घेऊन समोरच्या अंगणात जाऊन बसली होती.

१६ एप्रिल

हिरवं.

पहाटे ओहोटीला उतरलो. माझ्या दोन पेट्यांच्या मधून, वाळूतून, बारीक झरा फुटावा तसं हिरवं पाणी येत होतं. मी पायानं वाळू लोटली. आणखी आलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं, तर बोटांतून आलं.

वर जाऊन ओरडलो की धाकट्यानं रात्री येऊन रंग ओतला. माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. लपवत नाही.

ही पायरीवर बसली होती. म्हणाली, "बसा." मी बसलो.

मग हिनं सांगितलं. लेक राहायला आली, माणसं वाढली, पाणी वाढलं, संडास तुंबला. मला सांगितलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून भाऊजींना बोलावलं. त्यांनी झाकण उघडलं आणि तिथंच कपाळाला हात लावला. टाकीला तळच राहिलेला नाही. न भरणारी टाकी म्हणजे गळणारी टाकी, हे त्या धंद्यातल्या पोरांनाही ठाऊक असतं. सगळं वाळूत उतरून माझ्या पेट्यांखाली जात होतं. कधीपासून कोण जाणे. मला सांगून उपयोग नव्हता, कार्यालयाला कळलं असतं तर माझा परवाना गेला असता. म्हणून तो दर आठवड्याला येऊन टाकी उपसून केंद्रात नेऊन टाकत होता. फुकट. मला नवी टाकी बांधायला कसं राजी करायचं याचा विचार दोघं करत होते, तोवर मी तक्रार ठोकली.

"साहेबांसमोर एक शब्द बोलले असते तर सुटले असते भाऊजी," ही म्हणाली. "मी बोलायला उठले तर मलाही बसवलं. म्हणाले, दादाचं सगळं त्या पेट्यांत आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तर गाव पालथं घातलं, वर भावाचं घरही पाडलं. पाईप थरथरत होता तो मी बघितला, पण पाणी कुठल्या दिशेनं वाहतंय हे एकदा भिंतीवरून वाकून बघितलं नाही.

मला माझी लाज वाटते. एवढंच लिहितो.

१७ एप्रिल

कार्यालयात गेलो. साहेबांना सगळं सांगितलं, हिनं सांगितलं तसंच. तक्रार मागे घेतली. धाकट्याचा परवाना त्याच दिवशी सुरू झाला, माझा थांबला. नवी टाकी होऊन पाणी सुधारेपर्यंत पेट्या उचलायच्या. बाईंनी मला पाणी प्यायला दिलं. पूर्वीचा मी असतो तर त्यात काय घातलंय बघितलं असतं.

तिथून धाकट्याच्या घरी. त्याच्या बायकोनं दार उघडलं. म्हणाली, "घरी नाहीत." उंबऱ्यापाशी त्याचे ओले बूट होते. तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. "मी येऊन गेलो एवढं सांग," म्हटलं. ती म्हणाली, "ऐकलंय त्यांनी."

२५ एप्रिल

पेट्या उचलल्या. जावयानं मदत केली. मेलेले किती ते मोजले नाहीत. धाकट्याकडे दोनदा गेलो, दोन्ही वेळा तो घरी नव्हता.

२ मे

नवी टाकी बांधायची तर आधी जुनी उपसावी लागते, आणि त्याला परवान्याची गाडी लागते. इथं गाडी एकच. कार्यालयानंच त्याला कळवलं. मी कुठल्या तोंडानं कळवणार?

सकाळी आला. नातवंडं धावत गेली, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. हिला म्हणाला, "कशा आहात, वहिनी?" मी कुंड्या बाजूला करून झाकणापाशी उभा होतो. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं.

तो जवळ आला, हातमोजे चढवले आणि म्हणाला, "मालक, झाकण तुम्ही उघडा."

त्याच्या धंद्यातली ती पद्धत आहे. गिऱ्हाइकानं स्वतः झाकण उघडायचं, म्हणजे काही फुटलं-तुटलं तर नंतर वाद नको. गिऱ्हाइकाला तो मालक म्हणतो. मला जन्मापासून दादा म्हणत आलाय, आणि अरे-तुरे करत आलाय.

मी झाकण कसंबसं सरकवून उघडलं. पंप चालू झाला, उरलंसुरलं निघालं. त्यानं आत विजेरी धरली. "बघून घ्या," म्हणाला. मी वाकून बघितलं. खाली वाळू होती, ओली, काळी. माझ्या हातच्या कामाचा तुकडासुद्धा शिल्लक नव्हता.

"माझं चुकलं," मी म्हणालो. पाठ केलेलं सगळं विसरलो, एवढंच आलं.

तो पाईप गुंडाळत होता. गुंडाळत राहिला.

"चहा टाकलाय."

"नको, मालक. पुढं अजून दोन घरं आहेत."

ही दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मी झाकण लावायला वाकलो. जड आहे ते, हलेना. तेव्हा तो आला, म्हणाला, "राहू द्या, पाठीत भरेल," आणि एकट्यानं उचलून बसवलं. मग गाडीत बसून निघून गेला.

तेव्हापासून तेच एक डोक्यात आहे. माझ्या पाठीचं दुखणं त्याला माहीत आहे म्हणून म्हणाला, की कुठल्याही म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला असंच म्हणतो? हिला विचारलं, हिलाही सांगता येईना. आयुष्यभर सगळ्यांच्या मनातलं मला बरोबर कळतं असं समजत आलो. आज एवढं एकच कळायला हवं होतं, आणि ते कळत नाही.